बारा वर्षांच्या खांद्यावर अख्खा सीमाभाग

तेरा वर्षांच्या आतल्या मुलामुलींच्या खेळातल्या यशाचे फ्लेक्स लावू नयेत, त्यांच्यातून सामनावीर निवडू नये, पेपरात त्यांचे फोटो छापू नयेत आणि रोख बक्षीस तर मुळीच देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बेळगावात हे कुणापुढं बोललं की उत्तर ठरलेलं असतं, “अहो, पोराला तेवढंच प्रोत्साहन की! तुमचं काय जातंय?” माझं काहीच जात नाही. जातं ते पोराचं, आणि किती गेलं ते कळायला सात-आठ वर्षं लागतात. तोवर चौकातला फ्लेक्स उतरून कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून पडलेला असतो.

रविवारी सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडं चक्कर मारा. बारक्या पोरांचा सामना चालू असेल तर खेळाकडं बघू नका, बॅटिंग करणाऱ्या पोराच्या मानेकडं बघा. चेंडू खेळून झाला की मान एका ठराविक बाजूला वळते. तिथं झाडाखाली बाप उभा असतो. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं तो हवेतल्या हवेत बॅट फिरवून दाखवतो, कोपर वर, डोकं खाली. “पाय काढ की रे पुढं! किती वेळा सांगायचं?” पोरगा मान डोलावतो. पलीकडच्या टोकाचा पोरगा ‘यस, यस’ म्हणून ओरडत अर्ध्या पिचवर येऊन पोचलेला असतो, याचं लक्षच नसतं. रनआऊट झाला की बाप त्या पलीकडच्या पोराच्या नावानं बोटं मोडतो. कोच दहा पावलांवर उभा असतो, पण तो बोलत नाही. बोलून महिन्याची फी घालवायची कशाला? सहा महिने असं चाललं की पोराला बापाचा चेहरा अचूक वाचता येतो. बॉलरचा हात वाचायला शिकायचं राहून जातं.

या बापाला शिव्या देणं सोपं आहे. तो उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत पाळी करतो, नाहीतर वडगावात त्याचे चार माग आहेत, नाहीतर खडेबाजारात छोटं दुकान. तरणा असताना तोही टेनिस बॉलवर गावोगावचे चषक खेळत फिरलेला आहे, आणि ‘आम्हाला तेव्हा सांगणारं कोण नव्हतं’ ही खंत त्याच्या मनातून गेलेली नाही. पोराला आपल्यासारखं व्हायला लागू नये म्हणून तो रात्री बदाम भिजत घालतो, पहाटे साडेपाचला स्कूटरवर किट बांधून निघतो, स्वतःचे चप्पल झिजवून त्याला स्पाइक्स घेतो. यात वाईट काय आहे? काहीच नाही. वाईट पुढं होतं. पहिल्या वर्षी पोरगा खेळतोय याचं कौतुक असतं. दुसऱ्या वर्षी किती खर्च झाला याची बेरीज सुरू होते. तिसऱ्या वर्षी ती बेरीज जेवताना पोराला वाचून दाखवली जाते.

आता सीमाभागापुरती एक गोष्ट बोलतो, जी इथं सहसा कुणी उघड बोलत नाही.

आपल्याकडं १९५६ पासून, बेळगाव कर्नाटकात गेलं तेव्हापासून, एक दुखणं आहे. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन, १ नोव्हेंबरला काळा दिवस, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला दावा, पाट्यांवरून होणारी भांडणं, या सगळ्यात आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. त्या दुखण्याचं खरं-खोटं मी इथं करत नाही. मीही त्याच हवेत वाढलोय. पण त्या हवेमुळं झालंय असं की आपल्यातलं एखादं पोर कुठं चमकलं की ते नुसतं पोर राहत नाही. ते ‘सीमाभागाची शान’ होतं. फ्लेक्सवर त्याच्या डोक्याच्या वर शिवाजी महाराज, खाली सहा नेते, मंडळाचे अध्यक्ष, गल्लीतले हितचिंतक. मधे हातात बॅट घेतलेलं ते बारकं पोर, ज्याला ‘निवड’ म्हणजे अजून फक्त हुबळीला सराव शिबिराला जायचंय. सहावी-सातवीतल्या मुलाच्या खांद्यावर आपण त्याचा सराव, त्याची शाळा आणि सत्तर वर्षांचा एक लढा असं सगळं मिळून ठेवतो, वर म्हणतो की प्रोत्साहन दिलं.

याची दुसरी बाजू अधिक वाईट आहे. पोरगा निवडला गेला नाही की कारण तयार असतं. “आडनाव बघितलं असणार.” “आमची पोरं मराठी, त्यांना कोण घेतंय?” कर्नाटकाच्या क्रिकेट संघटनेत बेळगाव धारवाड विभागात येतं. चाचणीला हुबळी गाठायची, पुढं गेलं तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्र काढून बेंगळुरू. पाचशे किलोमीटर लांबचं पोर तिथल्या लीगमध्ये रोज खेळणाऱ्या पोरापेक्षा मागं असणार, हे उघड आहे. अन्याय म्हणायचा तर हा अंतराचा आहे. पण हीच तक्रार बैलहोंगलचा, विजयपूरचा कन्नड बाप अगदी याच शब्दांत करतो, फक्त ‘मराठी’च्या जागी ‘उत्तर कर्नाटक’ घालून. आणि तिकडं चंदगडचा मराठी बाप, ज्याचा बाजारहाट बेळगावात आणि ज्याच्या पोराची नोंदणी मात्र कोल्हापुरात, तो पुणेवाल्यांच्या नावानं हेच बोलतो. त्याला तर भाषेचा आडोसाही नाही. कर्नाटकाचा सर्वांत मोठा फलंदाज राहुल द्रविड मराठी घरातला. बेळगावचाच रोनित मोरे कर्नाटकाकडून रणजी खेळला, आणि २०१८-१९ च्या हंगामात तो संघाच्या माऱ्यातला मुख्य गोलंदाज झाला तेव्हा त्याचं वय सव्वीस होतं. सव्वीस! आपल्या गल्लीत तेराव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून कपाळावर हात मारून घेतात.

कुठं खरंच डावललं जात असेल तर मोठ्यांनी पत्रं लिहावीत, संघटनेत जावं, भांडावं. पण बारा वर्षांच्या पोराच्या कानात ‘तुला मुद्दाम काढलं’ असं एकदा घातलं की दोन गोष्टी होतात. आपल्या डाव्या खांद्याकडं येणारा चेंडू आपल्याला खेळता येत नाही, ही साधी गोष्ट त्याला कधीच दिसत नाही. आणि शेजारी उभा असलेला कन्नड पोरगा, ज्याच्याबरोबर तो कालपर्यंत एका डब्यात जेवत होता, तो त्याचा हक्क खाणारा होतो. मैदानावर पोरं कन्नड-मराठी मिसळून अशी काही भाषा बोलतात की ऐकत राहावं. ती आपण घरी नेऊन सुधारतो.

मुळात बारा वर्षांखालच्या खेळात चमकणं म्हणजे काय? जो पोरगा सगळ्यांना धुवून काढतो तो बहुतेक वेळा बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच असतो, त्याच्या ओठावर लव आलेली असते. बाकीच्यांचं अंग अजून भरायचंय, याचं भरलंय. एवढंच. १ सप्टेंबर ही वयोगटाची तारीख धरली तर सप्टेंबरमधलं पोर आणि पुढच्या ऑगस्टमधलं पोर एकाच गटात पडतात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. बऱ्याच देशांत, बऱ्याच खेळांत हे तपासून झालंय, आणि कुमार संघांत वयोगटाच्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेलीच पोरं जास्त सापडतात. चौदा-पंधराव्या वर्षी बाकीचे उंचीला गाठतात. तेव्हा आधी लवकर वाढलेल्याकडं बघितलं तर हाताशी काहीच नसतं, कारण आजवर नुसत्या जोरावर भागत होतं, तंत्राची गरजच पडली नव्हती. आणि मागं राहिलेलं बारकं, चिवट पोर, ज्याला आडव्या बॅटनं मारणं जमत नव्हतं म्हणून पाय हलवायला शिकावं लागलं, ते तेराव्या वर्षीच घरी बसलेलं असतं. त्याचा फ्लेक्स नव्हता.

वयाच्या चोरीबद्दल फार बोलत नाही. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली. हल्ली सोयीची तारीख बाप घेऊन येतो. त्यासाठी भारतीय क्रिकेट मंडळाला पोरांच्या मनगटाचे एक्स-रे काढून हाडांचं वय तपासावं लागतं. २०१५ च्या पतौडी व्याख्यानात द्रविडनं या चोरीला थेट फिक्सिंगच्या रांगेत बसवलं होतं. अकराव्या वर्षी आई-बापानं सांगितलेलं पहिलं खोटं पाठ करणारं पोर पुढं पंचाशी खरं बोलेल, ही अपेक्षा कशी करायची?

कल्याणची गोष्ट सगळ्यांना अर्धी माहीत आहे. ५ जानेवारी २०१६ ला भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेनं नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९ पासून कॉलिन्स नावाच्या इंग्लंडमधल्या एका शाळकरी मुलाच्या नावावर असलेला ६२८ धावांचा विक्रम धुळीला मिळाला. रिक्षाचालकाचा मुलगा, पुऱ्या जगात बातमी, मुंबई क्रिकेट असोसिएशनकडून पाच वर्षं महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती. उरलेली अर्धी गोष्ट धावफलकावरच होती. धनावडेच्या शाळेनं ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२. त्यांचे मोठे खेळाडू आलेच नव्हते, बॉलिंग टाकणारी पोरं वयानं बरीच लहान होती, मैदानाची एक बाजू आखूड होती. हे तेव्हाच्या बातम्यांतही आलं होतं, पण चौथ्या-पाचव्या परिच्छेदात. मला त्या सामन्यातली ती दुसरी पोरं आठवत राहतात. चेंडू आणायला पळणारी. त्यांच्यात एखादा बॉलर असेल, नसेल; त्या सामन्यानंतर त्याला बॉल हातात घ्यावासा वाटला का, हे विचारायला कुठलाही कॅमेरा गेला नाही. आणि ज्याच्याकडं सगळे कॅमेरे गेले त्याचं तरी काय भलं झालं? अपेक्षांच्या ओझ्याखाली खेळ घसरला. दीडेक वर्षात त्याच्या वडिलांनी स्वतः असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितली. दर महिना दहा हजार म्हणजे रिक्षावाल्याच्या घरात काय असतं ते आपल्याला कळतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत शहाणा तोच बाप वाटतो.

१९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शालेय सामन्यात झालेल्या ६६४ धावांच्या भागीदारीत सचिनपेक्षा जास्त धावा विनोद कांबळीच्या होत्या, नाबाद ३४९. कसोटीतली त्याची सरासरी ५४ च्या वर. शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पृथ्वी शॉनं २०१३ मध्ये मुंबईच्या हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ५४६ केल्या, २०१८ मध्ये पदार्पणाच्या कसोटीत शतक ठोकलं, आणि २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. त्याचं वय अजून आहे, तो उठेलही. सरफराज खाननं २००९ मध्ये त्याच शील्डमध्ये ४३९ केल्या तेव्हा तो बारा वर्षांचा होता. कसोटीची टोपी मिळाली २०२४ मध्ये. त्याच्यामागं बाप होताच, कडक बाप, स्वतः कोच. म्हणजे रेटणारा बाप असला की पोर वाया जातंच, असं नाही. पण ज्या आकड्यासाठी त्या पोराला बाराव्या वर्षी डोक्यावर घेतलं, त्या आकड्यानं त्याला टोपी मिळवून दिली नाही. ती मधल्या चौदा वर्षांनी दिली, ज्यात बराच काळ त्याला कुणी विचारत नव्हतं.

“मग वैभव सूर्यवंशीचं काय?” हे विचारणार, माहीत आहे. २८ एप्रिल २०२५ ला चौदा वर्षांच्या पोरानं आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक केलं. अफाट होतं ते, वादच नाही. पण समस्तीपूरच्या त्या पोराच्या बॅटिंगपेक्षा त्याच्या बापानं शेत विकलं ही गोष्ट आमच्याकडं जास्त पसरली. तेव्हापासून खानापूर रोडवरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकायला मिळतं, “त्याच्या बापानं जमीन घातली, म्हणून झालं.” जमीन घालून ज्यांचं काही झालं नाही त्यांची मुलाखत कोण घेणार? ते गप्प असतात, आणि कर्ज फेडत असतात. हलगा-मच्छे बायपासला गुंठाभर रान द्यायचं नाही म्हणून वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणारी आपली माणसं. तीच माणसं पोराच्या एका शतकावर सातबारा काढून बघायला लागली, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी थांबवायला नको? आपण टाळ्या वाजवतो.

क्रिकेटचंच बोलतोय असं नको. बेळगाव स्केटिंगचं गाव आहे आणि ते चांगलंच आहे. इतक्या लहान शहरात इतकी पोरं चाकांवर दिसतात ती कौतुकाची गोष्ट. पण त्यातून विक्रमांचं एक वेगळंच पीक आलंय. डोळ्यांना पट्टी बांधून इतके तास, गाड्यांखालून इतके मीटर, या वयात, या वेशात. अटी जोडत गेलं की विक्रम कधी संपतच नाहीत, आणि फी घेऊन प्रमाणपत्र देणारी पुस्तकंही काही कमी नाहीत. पाच वर्षांचं लेकरू चाकांवर झोपाळून गेलेलं असतं आणि बाजूला आई “अजून एक राउंड, बाळा” म्हणत ग्लुकोजचं पाणी घेऊन पळत असते. हे बघितलं की मला बुधिया सिंग आठवतो. २ मे २००६, पुरी ते भुवनेश्वर, ६५ किलोमीटर, सात तास दोन मिनिटं, वय चार. देशभर टाळ्या. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा ते पोर कुपोषित निघालं आणि हृदयावर ताण दिसला. सरकारनं पळवणं बंद केलं, तेव्हा लोक सरकारवर चिडले. पुढं तो क्रीडा वसतिगृहात राहिला, शिकला, आणि मोठा धावपटू झाला नाही. चार वर्षांच्या मुलानं ६५ किलोमीटर पळणं यातून धावपटू होतो असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नका, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी द्या, वर्षातले तीनेक महिने तो खेळ बंद ठेवा. कोवळा ऊस घातला की उतारा पडतो, हे चिकोडी-अथणीच्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. पोराच्या गुडघ्याचं मात्र त्याला डॉक्टरकडून ऐकावं लागतं.

सगळ्यांत क्रूर भाग मात्र पुढंच आहे, आणि तो खास आपल्या मध्यमवर्गाचा. आठवीपर्यंत पोराला पहाटे उठवून मैदानावर नेणारा तोच बाप नववीच्या शेवटी म्हणतो, “बास झालं आता. एसएसएलसी आली.” किट माळ्यावर. सकाळी नेट्सच्या जागी गणिताचा क्लास, मग पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, सीईटी. खेळायला कुणी विचारून घातलं नव्हतं, काढतानाही विचारत नाहीत. मुलींचं तर आणखी लवकर होतं. खो-खोत तालुका गाजवणारी मुलगी न्हाण आल्यावर मैदानातून गायब होते आणि तिच्या कोचलाही त्यात काही नवल वाटत नाही. सात-आठ वर्षं ज्या पोराची ओळखच ‘क्रिकेटवाला’ अशी करून ठेवली, त्यानं एका रात्रीत दुसरं कुणी व्हायचं. त्यातली काही पोरं नंतर कॉलेजात भेटतात. सामना लावला तर बघत नाहीत. “नको सर, इंटरेस्ट गेला,” म्हणतात. ज्याला खेळ नुसता आवडत होता, त्याला तो चाळिशीपर्यंत पुरला असता.

जुन्या तालमींचं उगाच गुणगान मला करायचं नाही. खुराकाच्या नावानं आणि वस्तादाच्या धाकात तिथंही पुष्कळ पोरं वाया गेली. पण एक रीत घेण्यासारखी होती. जत्रेच्या मैदानाची सुरुवात बारक्या पोरांच्या रेवडीच्या कुस्त्यांनी व्हायची. हरलेल्यालाही रेवडी मिळायची, जिंकलेल्याचं नाव कुणी पुकारत नसे. जोड वस्ताद लावायचा, वजन आणि अंगकाठी बघून, आणि बाप गर्दीत बसायचा. आखाड्यात उतरून ‘पट काढ, पट काढ’ म्हणून ओरडायची त्याची टाप नव्हती. आनंदवाडीच्या मातीत मोठमोठ्या कुस्त्या झाल्या. पोरांची कुस्ती आणि मल्लांची कुस्ती यांच्यात तिथं अंतर होतं. आता बारक्यांच्या जोडीलाही हलगी कडकडते, इनाम माईकवर पुकारतात आणि दहा मोबाईल वर होतात.

तुरमुरी हे गाव शहरातल्या लोकांना कचरा डेपोमुळं माहीत आहे. त्याच गावची, शेतकऱ्याच्या घरची मलप्रभा जाधव बेळगावच्या सरकारी क्रीडा वसतिगृहात ज्युदो शिकली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिनं कुराश या मध्य आशियाई कुस्तीप्रकारात कांस्यपदक आणलं. ज्युदो शिकलेल्या मुलीला पदक मिळालं ते कुराशमध्ये, ज्या खेळाचं नाव तेव्हा बेळगावात दहा जणांनी ऐकलं नसेल. लहानपणीच एका खेळाचा शिक्का मारून ठेवला असता तर अशी वाट सापडते का? पदक मिळाल्यावर तिचे फ्लेक्स लागले ते रास्तच. तेव्हा ती लहान नव्हती आणि पदक खरं होतं.

नियमानं हे बदलतं, नुसत्या उपदेशानं नाही. जेनिफर कॅप्रियाती चौदाही पूर्ण नसताना व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली, १९९२ ला ऑलिंपिक सुवर्ण जिंकली आणि दोन वर्षांत खेळ सोडून पोलिसांच्या नोंदीत गेली. ती पुढं परत आली हा तिचा चिवटपणा. पण महिला टेनिसच्या संघटनेनं १९९५ मध्ये लहान मुलींनी वर्षाला किती स्पर्धा खेळाव्यात यावर बंधनं घातली. नॉर्वेत तर याहून पुढं गेलेत. तिथं अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांचे निकाल आणि क्रमवाऱ्या लावतच नाहीत, तेरा वर्षांखाली राष्ट्रीय स्पर्धा नाहीत. तिथली पोरं मऊ झाली म्हणावं तर चोपन्न-पंचावन्न लाखांचा तो देश २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोळा सुवर्णपदकं घेऊन पहिला आला. बर्फ आपल्याकडं नाही, पैसाही तेवढा नाही, मान्य. पण धावफलक न छापायला पैसा लागत नाही.

“मग गुणी पोरं ओळखायची कशी?” ओळखायला फ्लेक्स कशाला लागतो? कोचनं वहीत लिहून ठेवावं. त्यात धावांपेक्षा पोर सरावाला स्वतःहून येतंय का, बाद झाल्यावर पुढच्या दिवशी काय विचारतंय, हे लिहावं. पंधराव्या वर्षी वही उघडावी. शहरातल्या उन्हाळी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना मी तीन गोष्टी सुचवतो आहे: बारा वर्षांखाली सगळ्या पोरांना बॉलिंग आणि बॅटिंग मिळालीच पाहिजे, सामनावीर आणि रोख बक्षीस बंद, आणि पालकांनी सीमारेषेपासून इतकं लांब बसायचं की ओरडलं तरी ऐकू जाऊ नये. बातमी द्यायचीच तर संघाची द्यावी. पेपरवाल्यांना यात अडचण नसावी, जागा वाचते.

एका आयोजकापुढं हे मांडलं तर तो हसला. “तुमचं पटतंय हो. पण ट्रॉफी नाही, फोटो नाही म्हटलं की पालक एंट्री फी भरत नाहीत. सोळा टीम येतात, निम्म्या कमी होतील.” त्याचं खरं असेल. आठ टीम येतील. आठ टीम असल्या तर प्रत्येक पोराला जास्त सामने खेळायला मिळतात, आणि येत्या एप्रिलमध्ये त्यानं तशी एक स्पर्धा लावली तर मी स्कोअर लिहायला बसायला तयार आहे.